देवाला झडती कशी घेऊ द्यावी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी. आदल्या रात्री जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली, की आई दिवाणावर भिंतीकडे तोंड करून बसायची. नगरचं आमचं दोन खोल्यांचं घर. आम्ही भावंडं आवाज न करता अंथरुणात शिरायचो. काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, "उद्या प्रभूच्या मेजाला जायचंय, आज मन बघून घेते." प्रेषित पौलाने करिंथ गावच्या मंडळीला पत्रात लिहूनच ठेवलं आहे, की माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, त्या प्याल्यातून प्यावं.

मोठी झाल्यावर मीही ते करू लागले. माझं पाच मिनिटांत उरकायचं. खोटं बोलले का? मोठं असं नाही. रागावले का? हो, पण कारण होतं. प्रार्थना चुकली का? नाइट ड्यूटी होती. प्रश्न मीच काढायचे, उत्तरं मीच लिहायचे आणि मार्कही मीच द्यायचे. दर महिन्याला पास.

मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि 34 वर्षं काम केलं, त्यातली बहुतेक सर्जिकल वॉर्डात. मधुमेहाचे पाय किती पाहिले त्याची गणती नाही. एक काका आठवतात. शेतकरी, पायात जाड टायरची चप्पल. त्या चप्पलेतून एक खिळा वर आला होता आणि ते तसेच चार दिवस रानात चालत होते. अंगठ्याच्या खाली पार हाडापर्यंत गेलेलं. मी पाय हातात घेतला तर म्हणाले, "दुखत नाही हो सिस्टर. दुखलं असतं तर बघितलं नसतं का?" साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात आणि संवेदना जाते. म्हणून आम्ही अशा प्रत्येकाला घरी जाताना सांगायचो, की रोज रात्री तळपाय बघा, खाली आरसा धरा, आणि तुम्हाला वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. दुखत नाही यावर विसंबू नका.

हे मी शेकडो लोकांना सांगितलं. माझ्या मनाबद्दल मात्र मी त्या काकांसारखंच बोलत होते.

म्हणून पहिली गोष्ट ही, की परीक्षा आपण घ्यायची हा हट्ट सोडा. बायबलमधल्या दावीद राजाच्या स्तोत्रांत 139 वं स्तोत्र काढा. 24 ओव्या आहेत, सावकाश वाचलं तरी पाच मिनिटं लागत नाहीत. शेवटी तो देवाला म्हणतो, "माझी झडती घे." आपल्या मराठी शास्त्रातला हा 'झडती' शब्द मला फार आवडतो. झडती घेणारा बाहेरून येतो. तो आपण दाखवू तेवढंच बघत नाही, गादी उचलतो, कणगीत हात घालतो, फोटोच्या मागे बघतो. आणि गंमत अशी, की त्याच स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत दावीद म्हणतो की तू मला पारखलं आहेस, माझं बसणं-उठणं तुला ठाऊक आहे. म्हणजे देवाला नवीन काही कळायचं नसतं. दार आपल्याला उघडायचं असतं, इतकंच.

अजून एक गोष्ट त्या स्तोत्रात आहे, ती माझ्या लक्षात फार उशिरा आली. "माझी झडती घे" याच्या अगदी आधीच्या ओव्या वाचा. तिथे दावीद वैऱ्यांवर तुटून पडला आहे. मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो, असं म्हणतो. आणि तोंडातून ते बाहेर पडल्याबरोबर थांबतो आणि म्हणतो, माझ्या ठायी काही वाईट आहे का बघ. मला वाटतं त्याला आपलाच आवाज ऐकू आला असेल. तेव्हा तुम्ही ज्या दिवशी कुणाबद्दल तरी तावातावाने बोललात, आणि अगदी खरं बोललात, तो दिवस या प्रार्थनेसाठी उत्तम.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते. मी जसं करते तसं सांगते. तुमच्या घरात जमेल तसं बदलून घ्या.

वेळ ठरलेली असावी. माझी पहिल्या रविवारच्या आदल्या रात्रीची आहे, आईचीच. फोन दुसऱ्या खोलीत. मी स्वयंपाकघरात बसते, कारण तिथे माझं खरं आयुष्य गेलं आहे. बैठकीच्या खोलीत पाहुणे येतात, तिथे मी नीटनेटकी बसते. ओट्याखालच्या पाटावर तसं बसता येत नाही.

सुरुवात पापापासून करू नका. वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, आम्ही मिरजेला एका खोलीत राहायचो. ती रोज रात्री संत इग्नेशियस लोयोलांनी घालून दिलेल्या पाच पायऱ्यांनी दिवसाकडे बघते, आणि त्यातली पहिली पायरी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची आहे. दुसरी, माझं पाप मला दिसू दे अशी कृपा मागायची. बघायला सुरुवात तिसऱ्या पायरीवर. आम्ही प्रॉटेस्टंट लोक ही पद्धत शिकत नाही, पण मी तिच्याकडून उपकारस्तुती उचलली ती कायमची. ज्याने आज आपल्याला जेवू घातलं त्याच्यासमोर आपण बसलो आहोत हे आधी मनात बसलं, की मग लपवावंसं वाटत नाही. घाबरलेला पेशंट पाय आखडून घेतो, मग तपासणी होत नाही.

मग स्तोत्र मोठ्याने वाचा आणि साध्या शब्दांत मागा: "प्रभू, तू बघ. मला दिसत नाही ते दाखव." आणि गप्प बसा.

हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. पहिली काही मिनिटं दूधवाल्याचं बिल, गॅसचा नंबर, उद्याचं पातळ कोणतं, हे सगळं येतं. येऊ द्या. ते येऊन निघून जातं. जे परत येतं आणि जे आल्यावर आपण पटकन तोंड फिरवतो, तिथे थांबा. मला हे एका वहीने शिकवलं.

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि त्या सव्वादोन वर्षं आमच्याकडे अंथरुणावर होत्या. मी रिटायर झाले होते, नर्स होते, त्यांचं सगळं माझ्याकडे आलं. मी दोनशे पानी वही घातली. डाव्या पानावर बीपी, साखर, किती खाल्लं, लघवी किती, कूस कधी बदलली. उजवं पान सुरुवातीला कोरं असायचं. मग एके दिवशी धाकटे दीर आणि जाऊ येऊन गेले आणि मी उजव्या पानावर तारीख घालून लिहिलं: "धाकटे आले. 20 मिनिटं. केळी अर्धा डझन." पुढच्या महिन्यात: "आले नाहीत. फोन एक." हळूहळू उजवी पानं भरू लागली. ती मी लाल पेनाने लिहायचे. वॉर्डात नाइटचा रिपोर्ट लाल शाईने लिहायची सवय होती, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

सासूबाई गेल्या. नंतर कितीतरी पहिले रविवार झाले, मी मेजाला गेले, भाकर घेतली. आणि एका शनिवारी "मला दिसत नाही ते दाखव" म्हणून बसले, तर डोळ्यांसमोर ती वही. मला वाटलं, मन भरकटतंय. मी स्तोत्र पुन्हा वाचलं. पुन्हा वही. मी मनात म्हणाले, ती तर सेवेची वही आहे. आणि ते म्हणताना पोटात जे काही झालं ते मी विसरणार नाही. पौल प्रीतीबद्दल लिहितो की ती "अपकार स्मरत नाही". मी ते नुसते स्मरले नव्हते, तारीखवार नोंदवले होते.

जे दिसलं ते नेमक्या शब्दांत बोला, ही पुढची गोष्ट. मी सुरुवात कशी केली सांगू? "प्रभू, कधीकधी माझ्या मनात जावेबद्दल थोडी कटुता येते." केस पेपरवर आम्ही "पेशंटला बरं नाही" असं कधी लिहीत नाही. कोणता पाय, कोणती जागा, किती खोल, पू आहे का, वास आहे का, हे लिहितो, नाहीतर उपचार कशाचा करणार? तसंच हे आहे. तीन-चारदा बोलून बघितलं तेव्हा खरं वाक्य निघालं: "मी सासूबाईंच्या उशाशी बसून जावेविरुद्ध पुरावा गोळा केला. मी केलेल्या सेवेने मला तिच्यापेक्षा वरचढ व्हायचं होतं." ते मोठ्याने म्हणता येईना. कुजबुजत म्हणाले. पण म्हणाले.

इथे मनातला वकील उभा राहतोच. "पण ती खरंच येत नव्हती!" नव्हती. दाविदाचे वैरीही खरेच होते. तिचं तिच्याकडे, झडती माझ्या घराची चालू आहे. नाथान संदेष्ट्याने दाविदाला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, ती चोरणाऱ्या श्रीमंतावर राजा केवढा संतापला, आणि आपण उरीयाची बायको बथशेबा घेतली आणि त्याला मारवलं, हे त्याला आठवलंच नाही. नाथानाला "तो मनुष्य तूच आहेस" असं तोंडावर सांगावं लागलं. दुसऱ्याच्या पापाबद्दल आपला न्याय किती चोख असतो ते त्या अध्यायात बघा (2 शमुवेल, 12 वा).

एक सावधगिरी मला कळकळीने सांगायची आहे, कारण मी मंडळीत यामुळे पोळलेली माणसं पाहिली आहेत. पवित्र आत्मा दाखवतो तेव्हा एका जागेवर बोट ठेवतो. हे, या दिवशी, या माणसाशी. दुखतं, पण पुढे काय करायचं तेही दिसतं. "तू मुळातच नासकी आहेस, तुझं काही होणार नाही" असा सगळ्या अंगभर पसरणारा आवाज त्याचा नाही. पेत्राने प्रभूला ओळखत नाही म्हणून सांगितलं होतं; प्रभूने वळून पाहिलं तेव्हा तो बाहेर जाऊन रडला आणि परत आला. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला, पण तो परत आला नाही. तुम्ही जर आठवडेच्या आठवडे स्वतःला कोरत बसला असाल, झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर ही प्रार्थना बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ती श्रद्धेची कमतरता नाही. आणि ज्यांच्यावर लहानपणी किंवा लग्नात अत्याचार झाले, त्या बायकांनी ते स्वतःच्या पापाच्या यादीत घालू नये. दुसऱ्याने मारलेला घाव हा तुमचा अपराध नाही. त्यालाही देव हात लावतो, पण तो बरा करायला.

आता धुण्याबद्दल. 51 व्या स्तोत्रात दावीद म्हणतो, एजोबाने मला शुद्ध कर. एजोब म्हणजे एक झुडूप. मिसर सोडायच्या रात्री इस्राएलांनी त्याच्या जुडीने कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं, आणि बरा झालेला महारोगी शुद्ध ठरवताना याजकाच्या विधीतही एजोब लागायचा. म्हणजे राजा देवासमोर महारोग्याच्या जागी उभा आहे. आणि शुद्ध हृदय मागताना तो जे हिब्रू क्रियापद वापरतो ते उत्पत्तीच्या पहिल्याच ओवीत आहे, आकाश आणि पृथ्वी उत्पन्न केल्याचं. डागडुजी त्याला पुरणार नव्हती. आपल्याला हे कळलं की एक मोठं ओझं उतरतं: मन घासून घासून स्वच्छ करायचं काम आपलं नाही. आपण कबूल करायचं. क्षमा करून शुद्ध करायला तो विश्वासू आणि न्यायी आहे, असं योहानाच्या पहिल्या पत्रात पहिल्याच अध्यायात आहे. मी ती ओवी वाचते आणि स्वतःचं नाव घालून मोठ्याने म्हणते. नाही म्हटलं तर पुढच्या शनिवारी तेच पाप पुन्हा काढून बसते, जसं काही देवाने ऐकलंच नाही.

ड्रेसिंग सुकून जखमेला चिकटलं असेल तर नवी मुलगी ते ओढते. अनुभवी सिस्टर सलाईन सोडते आणि वाट बघते. पाच मिनिटांत गॉज आपोआप सुटतो. देव असाच सावकाश काढतो, असा माझा अनुभव आहे. एका बैठकीत एकच गोष्ट दाखवतो. तुम्हीही एकापुढे जाऊ नका. खोल जखम वरून शिवून टाकली तर आत पू साठतो. म्हणून तिच्यात गॉज भरून ती उघडी ठेवावी लागते आणि ती तळातून भरत वर यावी लागते. महिने जातात. पुढच्या महिन्यात तोच राग पुन्हा वर आला तर क्षमा झाली नव्हती असं समजू नका.

रडू आलं नाही तर? नाही आलं तर नाही. माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनच्या आश्रमात वाढली, 1900 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून आणलेल्या मुलींपैकी ती. 1905 साली तिथे जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, आलं त्यात मुली तासन्‌तास रडत पापं कबूल करत होत्या. आजी ते ऐकलेलं सांगायची, पण रडण्याचं तिला फार कौतुक नव्हतं. तिच्या आईची हरवलेली लाकडी फणी एका मुलीने दुसऱ्या दिवशी आणून हातात दिली, हे ती प्रत्येक वेळी सांगायची.

कारण शेवटी तिथे यावंच लागतं. जकातदार जक्कयाने प्रभूला नुसतं घर उघडलं नाही; ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. आणि प्रभूने डोंगरावर सांगितलं, की वेदीपाशी असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा.

पण जायच्या आधी एका शहाण्या माणसाला विचारा. सगळंच सांगायचं नसतं. तुमच्या मनात कुणाबद्दल वाईट होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नाही, तर ते त्याच्यासमोर ओतून तुम्ही हलके व्हाल आणि तो जड होईल. मला वाटत होतं जावेला वहीचं काही माहीत नाही. मी आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नींना विचारलं. त्यांनी एकच प्रश्न केला: "दुसऱ्या कुणाला दाखवली होतीस?" दाखवली होती. दोन्ही नणंदांना, उजवी पानं वाचून. म्हणजे माझ्या मनातलं पाप घराबाहेर पडून तिचं नाव खराब करून आलं होतं. मग सांगणं भागच होतं.

मी रविवारी उपासनेला जायच्या आधी फोन केला. लिहून काढलं होतं, तीन वाक्यं. त्यात "पण" हा शब्द येणार नाही याची काळजी घेतली होती. माफी मागताना तुम्हीही ती घ्या. माझं बोलून झालं. पलीकडे बराच वेळ शांत. मग ती म्हणाली, "ताई, मला ठाऊक आहे ती वही. आईंच्या मातीच्या दिवशी चादर काढताना मिळाली होती. वाचली आणि ठेवून दिली." आणि थोड्या वेळाने, "मी आत आले की तुम्ही घड्याळाकडे बघायच्या. मला यायची भीती वाटायची."

आठ वर्षं तिने ते पोटात ठेवलं होतं.

नंतर मी नणंदांनाही फोन केले. ते सोपे गेले. जावेचं आणि माझं सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. नाताळला ती करंज्यांचा डबा घेऊन येते, खुर्चीच्या कडेला बसते. मी घड्याळ त्या भिंतीवरून काढून आतल्या खोलीत लावलं आहे.

वहीचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. मी ठरवलं, उजवी पानं फाडून टाकायची आणि डावी ठेवायची. शेवटी ती सासूबाईंची आठवण होती, माझ्या हातची. कात्री घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, उजवं पान फाडलं की त्याच्या पाठीवरचं डावं पान जातंच. मी बराच वेळ ती वही मांडीवर घेऊन बसले. मग अख्खी वही अंगणातल्या चुलीत घातली.

तेव्हापासून पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री मी एक कागद घेते, त्यावर फार तर एक ओळ लिहिते, आणि सोमवारपर्यंत त्याचं जे करायचं ते करून कागद टाकून देते. काही दिसलं नाही तर कोरा टाकते. उकरत बसत नाही. उपकारस्तुतीचं एखादं गीत म्हणते, पाट भिंतीला लावते, स्वयंपाकघरातला दिवा मालवते आणि झोपते. सकाळी साडेआठला घंटा होते.